क्लच न कळणारा पाय : एका ट्रकचालकाच्या निवृत्तीचं प्रकरण

सांगली जिल्ह्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयात मी समाजसेवा अधीक्षक होते, तेव्हाचं हे प्रकरण आहे. मे 2012 मध्ये ते माझ्याकडे आलं आणि कागदोपत्री 2013 च्या उन्हाळ्यात बंद झालं. त्यानंतरही मी त्या घरी जात राहिले. कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. गावाचं नाव, मालकाचं नाव आणि ओळख पटेल अशा खुणा काढून टाकल्या आहेत. चालकाला इथे अण्णा म्हणते आणि त्यांच्या पत्नीला काकी. मी दोघांना अशीच हाक मारत असे.

पार्श्वभूमी

अण्णांचा जन्म स्वातंत्र्याच्या सालचा, 1947 चा. गाव आटपाडीच्या बाजूच्या दुष्काळी पट्ट्यातलं, घरची चार एकर जिरायत, तीही माळाची. 1965 साली अठराव्या वर्षी ते किन्नर म्हणून गाडीवर चढले. (क्लिनर हा शब्द फक्त कागदावर. लाईनवर सगळे किन्नरच म्हणतात.) पाच वर्षं टायरला हवा, ताडपत्रीचे दोर, रात्री केबिनच्या टपावर झोप, आणि घाटात गाडी थांबली की उडी मारून चाकाला दगड. 1970 ला लायसन्स मिळालं आणि ते स्टिअरिंगवर बसले.

1972 च्या दुष्काळात ते मिरजेच्या मालधक्क्यावरून मिलो, म्हणजे ती परदेशातून आलेली लाल ज्वारी, गावोगावच्या रेशन दुकानांत पोचवायचे. त्याच वर्षी काकी दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या. पहिली मुलगी पाटीत झोपवलेली असायची. काकींनी मला सांगितलं होतं, "आमी रस्त्याकडंला खडी फोडत बसायचो आन् ह्यांची गाडी त्याच रस्त्यानं मिलो घिऊन जायाची. हे हार्न वाजवायचे, पर थांबायचे न्हाईत. मुकादम माजी हजेरी मोडंल म्हनून."

पुढची चाळीस वर्षं गूळ, हळद, द्राक्षं, सिमेंट, लोखंड, जे भाडं मिळेल ते. मुंबई, हुबळी, बंगळूर, अहमदाबाद, इंदूर. तेव्हाच्या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नव्हतं, भरल्या गाडीचं चाक वळवायला खांद्यातून जोर लागायचा. खंबाटकी, कात्रज, बोरघाट, कसारा हे सगळे घाट त्यांनी एकच नियम धरून उतरले: चढायला जो गिअर लागतो तोच उतरायला. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून एकही माणूस दगावला नाही. 1994 मध्ये एकदा गाडी उलटली. तेव्हा समोरून चुकीच्या बाजूने आलेल्या मोटारसायकलवाल्याला वाचवायला त्यांनी ती चारीत घातली होती.

घराच्या बाबतीत त्यांनी दोन गोष्टी कधी मोडल्या नाहीत.

पहिली, पोस्टकार्ड. माल उतरवला की पहिलं काम टपालपेटी शोधणं. मजकूर एक-दोन ओळींचा. "सुखरूप पोचलो. परतीचं भाडं बघतो. पोरींना सांगा अभ्यास करा." अक्षर शाळा चौथीतच सुटलेल्या माणसाचं, मोठं आणि वाकडं. एसटीडी बूथ आले, मग मोबाईल आला, तरी 2003 पर्यंत हे चालू होतं. फोन लागला तरी कार्ड टाकायचं, कारण धाकट्या मुलीला शिक्क्यावरचं गाव वाचायची सवय लागली होती.

दुसरी, हिशेब. खेपेवरून परत आले की आंघोळीआधी खिशातले पैसे काकींच्या पुढ्यात ठेवायचे. भत्त्यातून काय उरलं, वराईचे (माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीचे) किती गेले, वाटेत कुणाला किती द्यावे लागले, किन्नरला मालकाने किती दिले, हे सगळं तोंडी सांगायचे आणि काकी शाळेच्या जुन्या वहीत लिहायच्या. धाब्यावरचं जेवण महाग पडतं म्हणून ते रॉकेलचा स्टोव्ह घेऊन फिरत आणि किन्नरसोबत रस्त्याकडेला पिठलं करून खात. त्या वाचवलेल्या भत्त्यावर थोरली डी.एड. होऊन शिक्षिका झाली, धाकटी बारावीपर्यंत शिकून कराडला दिली, मुलगा आयटीआय करून भोसरीला कंपनीत लागला. मुलाला त्यांनी कधी स्टिअरिंगवर बसू दिलं नाही. बाप ट्रकवर असल्याचा कमीपणा मुलाला वाटू नये याची ते फार काळजी घ्यायचे, आणि तरीही मुलाने हा धंदा करू नये असंच त्यांना वाटायचं.

1988 पासून ते एकाच मालकाकडे होते. सात गाड्या, सात ड्रायव्हर, प्रत्येक गाडीला एक किन्नर, ऑफिसात एक दिवाणजी. नेमणुकीचं पत्र नाही, पगाराची पावती नाही, प्रॉव्हिडंट फंड नाही. 2012 मध्ये पगार महिना 8,000 आणि वर खेपेचा भत्ता. मालकाची 35,000 रुपये उचल अंगावर होती, धाकटीच्या बाळंतपणात घेतलेली.

प्रश्न कसा समोर आला

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात अण्णा डाव्या पायाची करंगळी काळी पडलेली अशा अवस्थेत भरती झाले. तीन आठवड्यांपूर्वी भाजलं होतं, असं ते म्हणाले. कसं भाजलं ते त्यांना सांगता येईना.

कारण डॉक्टरांना कळलं. त्या गाडीचं इंजिन केबिनमध्येच, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला असतं. एप्रिल-मेच्या उन्हात त्यावरचा पत्रा तव्यासारखा तापतो. अण्णा अनवाणी गाडी चालवत. जुन्या ड्रायव्हरांची ही सवय आहे. चप्पल पेडलमध्ये अडकते, आणि "पायाला क्लच कळला पायजे" असं ते म्हणत. इंदूरच्या खेपेत डाव्या पायाची बाहेरची कड तासन् तास त्या पत्र्याला टेकून राहिली होती. कातडी भाजली तरी त्यांना पत्ता नव्हता.

मधुमेहाचं निदान सहा वर्षांपूर्वीच झालं होतं. गोळ्याही दिल्या होत्या. घरी असताना ते घेत आणि खेपेवर निघताना बंद करत. त्या गोळीने पोट बिघडायचं, आणि भरल्या गाडीत कसाऱ्याच्या रांगेत पोट बिघडलं तर माणूस जाणार कुठे? हे त्यांनी कोणत्याच डॉक्टरला सांगितलं नव्हतं, आणि कोणी विचारलंही नव्हतं.

एक तपासणी मी समोर बसून पाहिली. नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला दहा ठिकाणी टेकवतात. रुग्णाने डोळे मिटायचे आणि लागलं की 'हो' म्हणायचं. उजव्या पायाला अण्णा चार वेळा 'हो' म्हणाले. मग शिकाऊ डॉक्टरने डाव्या पायाला धागा लावायला सुरुवात केली. एक, दोन, पाच, सात. अण्णा शांत. आठव्याला ते डोळे मिटूनच म्हणाले, "चालू करा की, डाक्टर."

करंगळी आणि तिच्यामागचं हाड काढावं लागलं. बाकी पाय वाचला. जखम भरायला चार महिने लागतील असं शल्यचिकित्सकांनी सांगितलं, आणि इन्सुलिन सुरू झालं.

म्हणजे वैद्यकीय बाजू स्पष्ट होती. डावा पाय क्लचचा, आणि त्याला आता काही कळत नव्हतं. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची जेवणाची वेळ हुकली तर साखर एकदम उतरते, दरदरून घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. घाटात हे झालं तर काय, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. पण माझ्या कागदावर मी प्रश्न वेगळा लिहिला होता: "पासष्ट वर्षांचा कमावता माणूस. घरात दुसरं उत्पन्न नाही. काम सोडल्यास हाती काय?"

पहिला निर्णय, आणि माझी चूक

भरती होऊन सहाव्या दिवशी मालक भेटायला आले. हातात केळी, शहाळं, आणि काकींच्या हातावर ठेवायला 2,000 रुपये. माणूस वाईट नव्हता, हे मला इथे लिहायचं आहे. बाहेरच्या ओसरीवर त्यांनी मला विचारलं, "मॅडम, अण्णा कधी बसतील गाडीवर? खेपा अडल्यात."

मी म्हणाले, "आता नाही बसता येणार. पायाला संवेदनाच राहिलेली नाही."

दुसऱ्या दिवशी मालकांनी गाडी दुसऱ्या ड्रायव्हरला दिली. अण्णांना ते किन्नरच्या फोनवरून कळलं. मी वॉर्डात गेले तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. एवढंच म्हणाले, "बाई, माजी गाडी तुमी दिलीसा."

तीन आठवडे ते माझ्याशी बोलले नाहीत. ड्रेसिंगला आले की मी असलेल्या दाराने येत नसत.

रस्त्यावरच्या लोकांच्या जिवाचा प्रश्न होता, म्हणून मी योग्यच केलं, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. पण ते खरं नव्हतं. अण्णा तेव्हा खाटेवर होते, पायाला ताजी जखम होती, ते चार महिने गाडीवर बसणारच नव्हते. कुणाला तातडीचा धोका नव्हता. त्यांना विचारायला, त्यांच्याकडून सांगवून घ्यायला माझ्याकडे चार महिने होते. मी तो वेळ ओसरीवरच्या एका वाक्यात घालवला.

कोणते पर्याय होते

जूनच्या अखेरीस काकींनी सगळ्यांना एकत्र आणलं. रुग्णालयाच्या आवारातल्या लिंबाखाली अण्णा, काकी, थोरली मुलगी, भोसरीहून आलेला मुलगा आणि मी. अण्णा माझ्याकडे न बघता बसले होते, पण उठून गेले नाहीत.

मुलाचं म्हणणं सरळ होतं: दोघांनी भोसरीला यावं. दहा बाय बाराची खोली, तो, बायको आणि लहान मुलगी. अण्णांनी मान हलवली. मुलाच्या बायकोला साडी नेसायलाही आडोसा राहणार नाही, असं ते नंतर काकींना म्हणाले.

दुसरा पर्याय मालकाकडूनच आला होता. 2012 च्या त्या उन्हाळ्यात आटपाडी, जत, माणच्या बाजूला चारा छावण्या सुरू झाल्या होत्या. ऊसपट्ट्यातून वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, भरायचं आणि छावणीवर टाकायचं. दिवसाची खेप, साठ-सत्तर किलोमीटर, घाट नाही, रात्र नाही. जखम भरली की अण्णांनी हे करावं, अर्धा पगार. ऐकायला हे बरं वाटत होतं, मलाही वाटलं. आणि अण्णांना तर ते फारच जवळचं होतं. 1972 ला त्यांनी माणसांचं धान्य ओढलं होतं, आता जनावरांचा चारा. पण क्लच तोच, पाय तोच, आणि छावणीच्या रस्त्यावर शाळेची पोरं, म्हाताऱ्या बाया, मोकाट गुरं.

लायसन्सचा प्रश्न याच्याशी बांधलेला होता. सप्टेंबरमध्ये नूतनीकरण होतं. तेव्हा मालवाहू गाडीचं लायसन्स तीन वर्षांचं असे. 2019 च्या कायदादुरुस्तीनंतर ते पाच वर्षांचं झालं. त्यासोबत डॉक्टरच्या सहीचा नमुना 1-ए लागतो. एका एजंटने घरी येऊन सांगितलं होतं की सही आणून देतो, पाय कुणी बघत नाही. अर्जदाराने स्वतः भरायच्या नमुना 1 मध्ये पंचवीस मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का, रातांधळेपणा आहे का, हात किंवा पाय गमावला आहे का, असे प्रश्न असतात. तळव्याला कळतं का, असा थेट रकाना नाही. दुसऱ्यांना धोका होईल असा आणखी काही आजार आहे का, हा ढोबळ प्रश्न मात्र आहे, आणि खरं उत्तर त्याच रकान्यात बसलं असतं.

शेवटचा पर्याय म्हणजे काम पूर्ण सोडणं. मग खाणार काय? थोरली म्हणाली, महिन्याला दीड हजार मी देईन. अण्णा पहिल्यांदा बोलले: "पोरीच्या घरचं?" ते तिथेच संपलं.

तेव्हा मी ग्रॅच्युइटीचा विषय काढला. त्या घरात हा शब्द कुणी ऐकलेला नव्हता. 1972 चा उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, कायदा तेव्हा लागू होता. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेत पाच वर्षं सलग काम केलेल्याला शेवटच्या पगाराच्या सव्वीस भागांतले पंधरा भाग, दर वर्षामागे. अण्णांच्या बाबतीत 8,000 गुणिले 15 भागिले 26, गुणिले 24 वर्षं. मी कागदावर करून दाखवलं: 1,10,769 रुपये.

कुणी काही बोललं नाही. काकींनी तो कागद घेऊन चोळीत ठेवला.

कार्डं आणि वह्या

अडचण पुराव्याची होती. 1988 पासून हा माणूस या मालकाकडे होता, हे दाखवायला काहीच नव्हतं. मी मुलाला म्हणाले, घरात काय कागद असतील ते आणा. पुढच्या आठवड्यात तो पत्र्याची ट्रंक घेऊन एसटीने आला.

त्यात काकींच्या एकोणीस वह्या होत्या. प्रत्येक ओळीत तारीख, गाव, माल, हातात आलेले पैसे. "14 जानेवारी. हुबळी. गूळ. मालकांनी 400 दिलं. किन्नर 60 मालकांनी. घरी 210." आणि सुतळीने बांधलेले पोस्टकार्डांचे गठ्ठे, वर्षावार. पंधरा पैशांची, मग पंचवीस पैशांची, मग पन्नास पैशांची. शिक्के इंदूर, अहमदाबाद, बंगळूर, मालेगाव. वहीतली तारीख आणि कार्डावरचा शिक्का ताडून बघितला की खेप जुळत होती. काही कार्डांवर अण्णांनी लिहिलं होतं, "मालकांचा निरोप आला, परत जा म्हणाले, अजून चार दिवस लागतील." मालकाचं नाव आणि कार्डावरची तारीख दोन्ही 2003 पर्यंत सलग, आणि त्यापुढची वर्षं वह्यांत.

धंद्याने या माणसाच्या नोकरीची एक ओळ लिहून ठेवली नव्हती. जे होतं ते सगळं काकींनी, आणि ते काही पुरावा म्हणून ठेवलेलं नव्हतं. मी काकींना विचारलं, ही कार्डं का ठेवली? त्यांना प्रश्नच कळला नाही. "मंग काय टाकायची व्हय?"

काय केलं

नमुना 'आय', म्हणजे मालकाकडे करायचा उपदानाचा अर्ज, मी भरला. मालक पैसे देत नसेल तर पुढचा नमुना 'एन' नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे असे दावे ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, जायचा, तोही तयार करून ठेवला. मला नोटीस रजिस्टर पोस्टाने जावी असं वाटत होतं. अण्णांनी साफ नकार दिला. "चोवीस वर्सं त्या मान्साचं खाल्लंय. 94 ला गाडी उलटली तर पोलीस ठाण्यात रात्रभर माज्याजवळ बसून हुता त्यो."

इथेही काकींनीच वाट काढली. त्या म्हणाल्या, अर्ज द्यायचा, पण हातात द्यायचा, घरी जाऊन. बेंदराच्या दुसऱ्या दिवशी दोघं पुरणपोळी घेऊन मालकांच्या घरी गेले आणि चहा झाल्यावर कागद पुढे केला.

मालक दुखावले. त्यांचं म्हणणं असं की ड्रायव्हर सात, दिवाणजी एक, मिळून आठ. किन्नर ड्रायव्हर आपला आपण ठेवतो, तो माझा माणूस नाही. म्हणजे दहा होत नाहीत. वर 35,000 ची उचल मी माफ करतो, यात सगळं आलं.

किन्नर कुणाचा, हा या धंद्यातला जुना वाद आहे. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात कामगार कोण, याच्या व्याख्येत ड्रायव्हरबरोबर क्लिनरही येत असे. तो कायदा वेगळा, पण कायदा त्याला कुठल्या डोळ्यांनी बघत होता हे त्यातून दिसत होतं. (त्याच कायद्यात दिवसाला आठ तास काम लिहिलेलं होतं. अण्णांना मी ते सांगितलं तेव्हा ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.) आणि काकींच्या वहीत पानोपानी होतं: "किन्नर 60 मालकांनी." पैसे मालक देत होते.

महिनाभर तिकडून काही आलं नाही. मी नमुना 'एन' दाखल करा म्हणून मागे लागले. मुलगाही माझ्या बाजूने होता. काकी थांबा म्हणाल्या. मग दिवाणजींनी एका संध्याकाळी येऊन वह्या बघायला मागितल्या. काकींनी ट्रंक उघडून दिली आणि समोर बसून राहिल्या. दोन तास ते पानं उलटत होते. त्यांच्या स्वतःच्या खातेवहीशी आकडे जुळत होते, हे त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितलं.

दिवाळीच्या आधी तोडगा निघाला. उचलीचे 35,000 वळते करून मालकांनी 75,000 रोख द्यायचे, तीन हप्त्यांत. एकूण 1,10,000.

माझा याला विरोध होता. उपदानाच्या रकमेतून उचल अशी कापून घेता येत नाही, आणि उशिरावर व्याज मागता आलं असतं. मी हे काकींना दोनदा समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, उचल घेतलेली हाय ती खरीच हाय न्हवं? आन् आमाला रोज त्याच रस्त्यानं जायाचंय." पैसे त्यांचे होते, गाव त्यांचं होतं. मी फाईलवर माझं मत नोंदवलं आणि तडजोडपत्र तयार केलं.

गाडी सोडण्याचा निर्णय

हे सगळं चालू असताना अण्णांनी गाडी सोडायचं मान्य केलेलं नव्हतं. लिंबाखालच्या बैठकीनंतरही नाही, डॉक्टरांनी दोनदा सांगूनही नाही. छावणीची खेप त्यांच्या मनात होती. एजंटचा नंबर खिशात होता.

तो निर्णय कसा झाला हे मला त्यांच्या किन्नरकडून कळलं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, जखम नुकती भरली होती, तेव्हा अण्णा मालकांच्या वाड्यावर गेले. त्यांची जुनी गाडी रिकामी उभी होती. ते चढले, अनवाणीच. स्टिअरिंगवर हात ठेवले, डोळे मिटले आणि शेजारी बसलेल्या पोराला म्हणाले, "मी क्लचवर पाय ठिवतो. पाय कुटं हाय ते तू सांग." त्यांनी पाय उचलला आणि दाबला.

पोरगा म्हणाला, "अण्णा, पाय खाली पत्र्यावर हाय."

त्यांनी परत केलं. परत पत्र्यावर. तिसऱ्यांदा क्लचवर पडला, पण त्यांना तो पत्रा वाटला.

ते खाली उतरले, बंपरला हात लावून नमस्कार केला आणि चालत घरी गेले. लायसन्सची मुदत संपली तेव्हा ते कार्ड त्यांनी तसंच पाकिटात राहू दिलं. एजंटला काकींनी दारातूनच परत पाठवलं.

पुढे काय झालं

75,000 मधून चार शेळ्या, विहिरीच्या मोटारीची दुरुस्ती आणि उरलेले पोस्टात. मोठं उत्पन्न नव्हतं, पण दोघांचं भागत होतं. 2013 च्या उन्हाळ्यात शेवटचा हप्ता मिळाला आणि त्याच आठवड्यात मालकांनी निरोप पाठवला: नवी पोरं दोर नीट बांधत नाहीत, अण्णांनी आठवड्यातून दोन दिवस येऊन बघावं. अण्णा गेले. भरलेली गाडी निघायच्या आधी ताडपत्री, दोर, हवा, पाटे, ब्रेक, आणि नव्या ड्रायव्हरला घाटाचा गिअर. रोजावर. 2019 पर्यंत ते जात होते.

पायासाठी मऊ रबराची एमसीआर चप्पल करून दिली होती. जन्मभर अनवाणी गाडी चालवलेल्या माणसाला ती घालायला लावणं सोपं नव्हतं. ते काम नातीने केलं. लॉकडाऊनमध्ये मुलाची कंपनी बंद पडली आणि ती तिघं गावी आली ती तिथेच राहिली. नात तेव्हा नऊ वर्षांची होती. रोज रात्री जेवणानंतर अण्णा ओट्यावर पाय पसरून बसायचे. ती एका हातात मोबाईलची बॅटरी आणि दुसऱ्या हातात दाढीचा आरसा घेऊन तळव्याखाली धरायची, बोटांच्या बेचक्यात बघायची आणि पेन्सिलने वहीत लिहायची: "डावा बरा. उजवा बरा. टाचेला भेग." मी एकदा संध्याकाळी गेले होते तेव्हा हे चालू होतं. अण्णा तिला सांगत होते, "हितं बघ, हितं इंजिन असतंय."

2023 च्या पावसाळ्यात, वयाच्या 76 व्या वर्षी ते घरीच गेले, हृदयविकाराने. करंगळी सोडली तर दोन्ही पाय शेवटपर्यंत शाबूत होते.

आज मी काय वेगळं केलं असतं

मालकांना ओसरीवर सांगितलेलं ते वाक्य मी बोलले नसते. आज असं कुणी विचारलं तर मी म्हणते, "त्यांनाच विचारा, आणि त्यांची हरकत नसेल तर मी सोबत बसते." धोका तातडीचा असेल, रुग्ण उद्या गाडी काढणार असेल, तर गोष्ट वेगळी. पण तेव्हाही आधी त्याच्या तोंडावर सांगायचं की मी हे कळवणार आहे.

धाग्याची तपासणी झाली तेव्हा निकाल आम्ही कागदावर लिहिला आणि अण्णांना आकडा सांगितला. दहापैकी शून्य. त्या आकड्याने त्यांना काही कळलं नाही. क्लचवर पाय ठेवून त्यांनी स्वतः केलेली परीक्षा आम्ही जूनमध्येच करू शकलो असतो, खुर्चीवर बसवून, पायाखाली दोन विटा ठेवून. चालकाला त्याचा पाय त्याच्याच भाषेत कळायला हवा होता. त्यानंतर आलेल्या तीन ट्रकचालकांच्या बाबतीत आम्ही तसं केलं. त्यांतल्या दोघांनी आपण होऊन गाडी सोडली.

गोळी खेपेवर का बंद करता, हा प्रश्न सहा वर्षं कुणी विचारला नाही, यातला आमच्या खात्याचा वाटा मोठा आहे. आता आमच्या नोंदणीपत्रकात व्यवसायाचा रकाना भरला की पुढचा प्रश्न असतो: कामावर असताना औषध कधी घेता, घेता येतं का?

उपदानाच्या तडजोडीबद्दल माझं मत अजून तेच आहे. पूर्ण रक्कम आणि व्याज मिळायला हवं होतं. पण नमुना 'एन' दाखल केला असता तर 2013 चा तो निरोप आला नसता, आणि अण्णांची पुढची सहा वर्षं ओट्यावर बसून गेली असती, हेही मला माहीत आहे. हे दोन्ही मी फाईलवर लिहून ठेवलं आहे.

फाईल बंद करताना ट्रंक परत पाठवली. दोन महिन्यांनी काकींचा फोन आला. कार्डं मोजली, दोन कमी आहेत, 1989 चं एक आणि 1991 चं एक. मी कपाट उपसलं. दोन्ही छायाप्रतीसाठी काढलेली होती आणि तडजोडपत्राच्या मागे टाचणीने लागून राहिली होती. 1989 चं इंदूरहून, 1991 चं मालेगावहून. रविवारच्या एसटीने मी ती घेऊन गेले. काकींनी हात पुसून ती घेतली, शिक्के उजेडात धरून बघितले, आपापल्या गठ्ठ्यात वर्षाच्या जागी सरकवली आणि सुतळीला पुन्हा गाठ मारली. मग अण्णांना हाक मारली, "आवं, दोन्ही घावली." आणि चहा ठेवायला आत गेल्या.